एका जागेवर दोघी

आमच्या गाळ्यात नाताळ एप्रिलमध्ये सुरू व्हायचा. बाहेर डांबर मऊ पडलेलं असायचं आणि आत आम्ही मखमलीच्या चिमण्यांवर पांढऱ्या मण्यांचा बर्फ शिवत बसायचो. अंधेरीला, साकीनाक्याच्या आतल्या बाजूला, लोखंडी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर तो गाळा. गोवंडीहून येणारी माणसं आरीच्या सुईनं जरीचं काम करून द्यायची. आम्ही बायका त्याचे दोन भाग जोडायचो, आत कापूस भरायचो, डोळे लावायचो, वर टांगायला दोरी शिवायचो. मग माल चेकिंगला, तिथून खोक्यात, आणि खोक्यातून अमेरिकेला. तिकडे नाताळात घरात झाड आणतात आणि त्याला हे सगळं टांगतात, एवढं आम्हाला माहीत होतं.

घंटा, तारे, चिमण्या टांगणं समजण्यासारखं होतं. पण एका वर्षी हिरव्या मखमलीच्या काकड्या आल्या.

"काकडी कशाला गो देवाच्या झाडाला?" वहिनीनं विचारलं. आम्हाला काय ठाऊक? तिनं सरळ शेठलाच विचारलं. शेठलाही माहीत नव्हतं. "ते मागतात, आपण द्यायची," तो म्हणाला. घुबडं तर दर वर्षी असायची, आणि सगळ्यात जास्त. सोनेरी पंखांची, मोठ्या काळ्या डोळ्यांची. आमच्यातल्या एकीनं पहिल्या दिवशी घुबड हातात घ्यायला नकार दिला होता. वहिनी तिला म्हणाली, "तुझ्या घरात टांगायचंय का? ज्यांच्या घरात टांगायचंय ते बघून घेतील." आणि मग माझ्या कानाशी येऊन, "सकाळी उठून पहिलं तोंड घुबडाचं. कसं व्हायचं त्या लोकांचं!"

वहिनी म्हणजे माझी सख्खी जाऊ नव्हे. तिचा नवरा आणि माझा नवरा रत्नागिरीकडच्या एकाच गावचे, म्हणून वहिनी. घाटकोपरच्या डोंगरावर आमची घरं तीन दारं सोडून आहेत. तिच्या नवऱ्याला दमा आहे, त्याला चढ चढवत नाही, म्हणून तो कामाला जात नाही. मुलगा पार्सलं पोचवतो, त्याचं काम कधी असतं कधी नसतं. घर चालायचं ते वहिनीच्या गाळ्यातल्या पगारावर.

मला गाळ्यात तिनंच नेलं. मी चौथी शिकलेली. वाचता येतं, लिहिताना तर हात थांबत नाही. पण समोर माणूस आलं की शब्द घशातच बसून राहतो. लहानपणापासून असंच. पहिल्या दिवशी शेठनं मला विचारलं, काम येतं का. मी खाली बघितलं. वहिनी म्हणाली, "येतं तिला." शेठनं विचारलं, कुठे राहतेस. वहिनीनं सांगितलं. शेठ वैतागला.

"मुकी आहे का ही?"

"मुकी नाय. तुम्हाला बोलणारी पायजे की शिवणारी?"

शेठ हसला आणि मी कामाला लागले. तेव्हापासून माझं सगळं तीच बोलायची. सुट्टी हवी असली तर तिची आणि माझी एकदम मागायची. पगारात काही चुकलं तर माझं पाकीट हातात घेऊन तीच आत जायची. माझी जागा तिच्या शेजारी, खिडकीखाली. काळे मणी काळ्या मखमलीवर लावायचे तर उजेड लागतो, आणि ती खिडकी तिनं भांडून मिळवली होती.

गणपतीत आम्ही कोकणातल्या बायका गाळ्यात नसायचो. ते कुणी ठरवलेलं नव्हतं, तसंच चालत आलेलं होतं. श्रावण संपेपर्यंत अमेरिकेचा बराचसा माल निघून गेलेला असायचा, काम ढिलं पडलेलं असायचं. वहिनी शेठसमोर उभी राहून म्हणायची, "आम्ही निघालो हां," आणि शेठ हात वर करून म्हणायचा, "माझ्यासाठी पण मागा काहीतरी." गौरी-गणपती करून आम्ही परत यायचो आणि आपापल्या जागेवर बसायचो. जागेची काळजी कधी कुणी केली नाही.

गेल्या वर्षी वैशाखात वहिनीच्या मुलाचं लग्न झालं. नवी सून आली म्हणजे गौरीपुढे तिचा पहिला ओवसा करावा लागतो. सुपात पानं, फळं, खोबरं, हळदकुंकू मांडायचं, ती सुपं गौरीपुढे धरायची, मग घरातल्या मोठ्यांना द्यायची आणि आशीर्वाद घ्यायचा. हा ओवसा सासरच्या गावच्या घरीच होतो, आणि दर वर्षी होत नाही. नक्षत्र जुळावं लागतं. गेल्या वर्षी जुळत होतं. हुकला की पुन्हा कधी लागेल ते भटजीला विचारायचं. वहिनीनं आषाढातच सुपं आणून ठेवली होती. डब्याच्या वेळी तिच्या तोंडी दुसरा विषय नसायचा. सुनेला कोणती साडी, नारळ घरचे की विकतचे, आतेसासूला सूप आधी द्यायचं की चुलतसासूला. आम्ही ऐकायचो. मला तिचं ते बोलणं आवडायचं.

आणि मग श्रावणात एका दुपारी शेठनं रेडिओ बंद करायला सांगितला आणि आम्हाला सगळ्यांना समोर बोलावलं.

"अमेरिकेनं आपल्या मालावर टॅक्स बसवलाय," तो म्हणाला. "आधी पंचवीस टक्के बसवला, आता वर अजून पंचवीस."

"कशापायी?" वहिनीनं विचारलं.

"आपला देश रशियाकडून तेल घेतो म्हणून."

मुलुंडहून येणारी एक बाई मागून म्हणाली, "कुणी घेतलं तेल? माझ्या घरात कालपासून बाटली उलटी ठेवलीय."

सगळ्या हसलो. शेठ हसला नाही. "हसू नका. सत्तावीस तारखेपासून लागू आहे."

वहिनीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "सत्तावीसला तर गणपती बसतायत."

"तेच सांगतोय मी."

त्यानं सांगितलं ते असं. बराच माल गेला होता, पण शेवटची मोठी ऑर्डर अर्धी अजून गाळ्यातच होती. ती त्या तारखेच्या आत इथून निघाली तर ठीक. बोटीनं नाही, विमानानं पाठवायची, नुकसान झालं तरी चालेल. नाही निघाली तर तिकडचा गिऱ्हाईक ती घेणार नव्हता. म्हणून चतुर्थीपर्यंत रविवारसुद्धा काम. त्यानंतर ज्याला जितके दिवस गावाला जायचं तितके दिवस त्यानं जावं.

"आमचं बसचं बुकिंग झालंय," वहिनी म्हणाली. "चतुर्थीच्या आधी चार दिवस. गणपती आणायला घरात माणूस पायजे. माझ्या सुनेचा ओवसा आहे शेठ, तुम्हाला किती वेळा सांगितलं."

"मी नको म्हणतो का? पण हा माल अडकला तर दिवाळीनंतर मी सगळ्यांना ठेवू शकणार नाही. तेव्हा जे आता थांबले त्यांना पहिलं बघणार. नंतर माझ्याकडे रडत येऊ नका." मग त्यानं कागद घेतला. "कोण कोण जाणार?"

वहिनीनं हात वर केला. तिच्यामागे कोकणातल्या अजून तिघींनी केला. मी केला नाही. माझ्या हातात घुबड होतं, सुई अर्धी आत. वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि नेहमीसारखं म्हणाली, "हिचं पण धरा. आम्ही एकाच बसला आहोत."

"तिला बोलू दे," शेठ म्हणाला.

मी बोलले. "मी थांबते."

गाळ्यात आल्यापासून शेठशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी ते कसं बोलले हे मला आजही नीट सांगता येत नाही. कारणं होती. माझी मुलगी बारावीला होती. नवरा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, पावसाळ्यात त्याच्या फेऱ्या कमी होतात. पण ही कारणं मला नंतर सुचली. त्या क्षणी फक्त शेठचा "नंतर रडत येऊ नका" हा आवाज डोक्यात होता, आणि मी घाबरले होते. घाबरल्यावर मी गप्प बसते, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही तेच माहीत होतं.

घरी येताना शेअर रिक्षात वहिनी असल्फा येईपर्यंत बाहेर बघत होती. मग म्हणाली, "बरं केलंस. पोरगी बारावीला आहे." उतरल्यावर चढ चढताना पुन्हा म्हणाली, "तुझा नारळ दे माझ्याकडे. तुमच्या घरच्या गणपतीपुढे मी ठेवीन." माझा नवरा जाणारच होता, नारळ तोही ठेवू शकला असता. पण मी दिला. तिनं तो सुनेच्या सुपांच्या पिशवीत, नीट कपड्यात गुंडाळून ठेवला. ती रागावली असती तर मला त्या रात्री झोप लागली असती.

माल चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघाला. शेठनं आम्हाला पेढे दिले. चतुर्थीला सकाळी मी दार उघडलं तर आमच्या गल्लीत दारांना कुलपं. वहिनीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे होती, तिच्या तुळशीला पाणी घालायचं होतं. मुलगी अभ्यास करत होती. मी स्वयंपाक केला, नैवेद्य दाखवायला घरात गणपती नव्हता, म्हणून तसवीर पुढे ठेवली. नवऱ्याचा गावाहून फोन आला, मागे टाळ वाजत होते. त्यानं मग फोन वहिनीला दिला. "तुझा नारळ ठेवला हां," ती ओरडून म्हणाली, गर्दीत ऐकू येत नव्हतं. "गोड निघाला!"

गौरी गेल्यावर ती परतली. गावची चिबूड, तवशी काकडी, अळूची पानं, सगळं घेऊन दारात उभी. ओवसा कसा झाला ते तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. सुनेनं एक सूप उलटंच धरलं, पानं जमिनीवर, सगळ्या बायका हसल्या, आतेसासू चिडली. सांगताना वहिनीचा चेहरा असा होता की मला तिच्याकडे बघवेना. कारण मला ठाऊक होतं. ती नसताना तिकडच्या गिऱ्हाइकानं पुढची ऑर्डर रद्द केली होती. शेठनं सांगितलं होतं, निम्म्याहून जास्त बायका कमी करतोय. आणि खिडकीखाली, तिच्या जागेवर, खोकी रचली होती. मी तिला फोन करून सांगायला हवं होतं. मी रोज ठरवायचे, आणि रोज वाटायचं, ओवसा होऊ दे.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर गाळ्यात आली. जिना चढताना बोलतच होती. आत आली, खोकी बघितली, आणि हसली. "माझी जागा कुणी बुजवली गो?"

शेठनं तिला आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"मला काय हौस आहे का?" शेठ म्हणत होता. "तिकडचा म्हणतो, अर्धा टॅक्स तू भर. कुठून भरू? माझ्याच खोक्यांना भाडं लागतंय."

"मी दर वर्षी जाते. तुम्ही कधी बोललात?"

"दर वर्षी ऑर्डर होती."

"आणि खिडकीची जागा?"

"बाई, खिडकीचं काय घेऊन बसलात. आता जागा बसायला उरलीय, काम नाही."

ती बाहेर आली. माझ्या शेजारून गेली तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला, दाबला आणि जिना उतरली. मी उठले नाही. सुई चालूच ठेवली.

माझे सासरे गिरणीत होते. संप झाला, गिरणी बंद पडली, तेव्हा ते आणि त्यांच्याबरोबरचे लोक रोज सकाळी गिरणीच्या दरवाज्यासमोर जाऊन उभे राहायचे, असं ते सांगायचे. काही होणार नाही हे कळत होतं तरी जायचे. निदान जायला दरवाजा होता. आम्ही कुठे जाऊन उभ्या राहणार होतो? ज्यानं टॅक्स बसवला त्याला काकडी टांगतात की घुबड हेही माहीत नसेल. शेठला शिव्या द्याव्यात तर तोही दुपारी डबा न खाता बसलेला असायचा. मग उरलं ते आपल्या शेजारचं माणूस. खिडकीखालच्या खोक्यांकडे बघून मला वाटायचं, अमेरिकेनं काम काढलं खरं, पण वहिनीच्या जागेवर मीच बसलेय.

दिवाळीपर्यंत शेठनं वेगवेगळं करून बघितलं. रद्द झालेल्या ऑर्डरची पडून राहिलेली घुबडं इथल्या बाजारात विकायची ठरवली. "लक्ष्मीचं वाहन आहे," तो म्हणाला. "दिवाळीत चालेल." आम्ही त्यांच्या डोक्यावरच्या लाल टोप्या उसवल्या आणि पायाशी छोटी कमळं शिवली. मुलुंडची बाई म्हणाली, "कालपर्यंत सांताक्लॉजचं होतं, आज लक्ष्मीचं. घुबडाला तरी काम मिळालं." काही गेली, बरीच राहिली. मी टोप्या उसवत होते आणि वहिनी काय करत असेल असा विचार करत होते.

ती काय करते ते तिनं सांगितलं नाही. "बघतेय," म्हणायची. ती आधी नेहमी म्हणायची की मी सुईचं काम करीन, झाडू मारीन, पण दुसऱ्याची उष्टी भांडी घासणार नाही. तिच्या आईनं दादरला आयुष्यभर तीच घासली होती. दिवाळीच्या फराळाला मी चिवडा घेऊन गेले तेव्हा तिनं ताटली हातात घेतली, आणि मी तिची बोटं बघितली. टोकाची कातडी सोललेली, पांढरी पडलेली. साबणाची बोटं. सुईनं टोचलेली बोटं वेगळी दिसतात. आमच्या सगळ्यांची कशी दिसतात ते मला माहीत आहे. तिनं मला बघताना बघितलं आणि ताटली खाली ठेवली.

"पवईला दोन घरं धरलीत," ती म्हणाली. "कुणाला बोलू नकोस. सुनेला मी गाळ्यातच जाते असं सांगितलंय."

"वहिनी—"

"गप. चिवडा छान झालाय."

त्यानंतर मी बोलायचं ठरवलं. शेठशी काय बोलायचं ते मी भांडी घासताना, बसथांब्यावर, चढ चढताना मनात म्हणायचे. एकदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले; त्यानं विचारलं काय पाहिजे, मी म्हणाले दोरा संपला. पुन्हा गेले तेव्हा दोरा हातात होता, ते कारण सांगायलाही जागा नव्हती.

"शेठ, वहिनीला घ्या," मी म्हणाले.

"कुठे घेऊ? तुझ्या डोक्यावर?"

"माझं अर्धं काम तिला द्या. मी दोनपर्यंत. ती दोननंतर. जागा एकच."

शेठ माझ्याकडे बघत राहिला. बहुतेक मी बोलतेय यानंच तो गोंधळला होता. "तिनं मागितलंय?"

"हो," मी म्हणाले. तिनं काही मागितलं नव्हतं.

"पगार पण अर्धा. तुझा पण अर्धा. नंतर रडायचं नाही."

"नाही रडणार."

"ठीक आहे," तो म्हणाला. "खोकी उचलून घ्या तिथली."

मी खोकी स्वतः उचलली. हलकी होती, आत घुबडंच होती. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं, आणि त्या आनंदात मी त्याच संध्याकाळी वहिनीकडे गेले. सून पाण्याला गेली होती. मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच न अडखळता.

वहिनी ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं माझ्या वतीनं मागायला?"

मला वाटलं, ती चेष्टा करतेय.

"मी मागितलं म्हणालीस त्याला? मी? मी त्याच्या दारात उभी राहून भांडले, आणि आता तो म्हणणार, बघा, आली शेवटी मागायला. आणि तुझं अर्धं मी घेऊ? तुझ्या पोरीच्या तोंडातलं?"

"तू नाही का माझ्या वतीनं बोलायचीस?" मी म्हणाले. "सगळीकडे."

"मग?"

"मला विचारून बोलायचीस?"

मी असं काही बोलेन असं तिला वाटलं नव्हतं, मलाही नव्हतं. ती चिडली होती, पण आता माझ्यावर की दुसऱ्या कशावर ते कळेना. "जा तू," ती म्हणाली. "सून येईल."

आठवडा गेला. मी दोन वाजता उठून घरी यायचे आणि माझी जागा रिकामी राहायची. शेठ म्हणाला, "कुठे आहे तुझी वहिनी? मी अर्धाच पगार देणार हां, ठरलं ते ठरलं." मी मान हलवली. घरी मी नवऱ्याला सांगितलं की काम अर्धं झालं. कसं झालं ते सांगितलं नाही. तो म्हणाला, होणारच होतं, बातम्यांत रोज दाखवतायत. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटेची फेरी मारायला लागला. मुलीचा गणिताचा क्लास आम्ही बंद केला. ती म्हणाली, "चालेल आई, यूट्यूबवर बघते." ती लगेच "चालेल" म्हणते, ही सवय तिला माझ्याकडून लागली आहे.

मग एके दिवशी मी दोन वाजता उठले आणि जिन्यात वहिनी वर येताना भेटली. साडी बदललेली, केस विंचरलेले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "सरक," म्हणाली, कारण जिना अरुंद आहे. मी भिंतीला लागून उभी राहिले. वर गेल्यावर तिचा आवाज आला, मुलुंडच्या बाईशी. "काय गं, अजून टोप्याच उसवतेस?" आणि सगळ्या हसल्या. मी जिन्यात थांबून ते हसणं ऐकलं. त्या हसण्यात मी नव्हते, कारण आता त्या वेळेला मी तिथे नसणार होते.

तेव्हापासून तसंच चाललंय. सकाळी मी, दुपारी ती. पवईची एक भांड्याची जागा तिनं सोडली, एक सकाळची ठेवली आहे. आम्ही जिन्यात भेटतो. ती कामापुरतं बोलते. "कापूस कमी भरलायस त्या तीन घुबडांत, मी पुन्हा उघडली." मी "बरं" म्हणते. खिडकीखाली तिच्या जागेवर बसायचं मला आवडत नाही, पण आता दोघींची जागा तीच आहे. कधी मी अर्धा पीस सुईसकट ठेवून येते आणि दुसऱ्या दिवशी तो पुरा होऊन गेलेला असतो.

मागच्या रविवारी ती आमच्याकडे आली होती. सुनेला दिवस गेलेत, ते सांगायला. नवरा घरी होता, बऱ्याच दिवसांनी त्याला रविवार मिळाला होता. त्याचे डोळे लाल होते, पहाटेच्या फेरीनं. मी चहा टाकला. बातमीनं सगळ्यांना आनंद झाला, मुलीनं पुस्तक मिटून वहिनीला मिठी मारली. मग नवऱ्यानं सहज विचारलं.

"वहिनी, तुम्हाला परत घेतलं ते फार बरं झालं. पण शेठनं हिचं अर्धं का केलं? ही तर गणपतीला थांबली होती. थांबतील त्यांना ठेवीन असं बोलला होता ना तो?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. ती थांबली होती. मी सांगेन म्हणून. मुलगीही बघत होती. मी गॅस बारीक केला. चहा वर येत होता तो खाली बसला.

"ते अमेरिकेचं सगळं," वहिनी शेवटी म्हणाली. "शेठ तरी काय करणार."

"त्या माणसाला एकदा इथे आणून टँकरवर बसवला पाहिजे," नवरा म्हणाला. "पहाटे साडेतीनला. मग कळेल टॅक्स काय असतो."

मुलगी हसली. वहिनीनं चहा घेतला, लवकर संपवला, कप धुवून ठेवला. दारात चपला घालताना मी तिच्या मागे गेले.

"मला नव्हतं ते बोलायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्या वेळी मला नव्हतं बोलायचं. माझ्या तोंडी का घातलंस?"

"मी सांगेन त्याला."

"कधी?"

तिनं क्षणभर वाट बघितली, मग खाली उतरून गेली. आत नवरा मुलीला अमेरिकेबद्दल काहीतरी समजावून सांगत होता, रशिया, तेल, टक्के, त्याला जेवढं माहीत होतं तेवढं. मुलगी विचारत होती, "म्हणजे आपला क्लास त्याच्यामुळे गेला?" आणि तो म्हणत होता, "त्याच्यामुळेच तर." मी दारात उभी होते. आत जाऊन मी त्याला दुसरा कप दिला.